उजव्या बाजूच्या सीटा

नसीम,

बस आली होती. आज परत गेली.

दवाखान्यात तू बाकी काही विचारत नव्हतीस. डॉक्टर काय म्हणाले, रिपोर्ट कसे आले, काही नाही. मी पिशवी टेकवायच्या आत तुझा प्रश्न तयार असायचा, "शेठची बस आली का गं?" मी म्हणायचे, सीझन संपला की पाठवतो म्हणालाय. त्या दिवसांत मी त्याला फोन करकरून हैराण केलं होतं. सीटा उतरवायला वेळ लागतो, फोम मिळत नाही, कारागीर गावी जाईल, तोंडाला येईल ते कारण सांगत होते. तो म्हणाला, "बाई, कामासाठी गिऱ्हाइकाने दुकानदाराच्या मागे लागायचं असतं. तुमच्याकडे उलटंच बघतोय." खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. आपल्या दोघींमधलं एक भांडण त्या बसमध्ये अडकून पडलंय आणि त्याचा निकाल ऐकायला एक बाई थांबली आहे, हे कुठल्या शेठला पटलं असतं?

त्याने सीझन संपल्यावरच पाठवली. तू गेलीस त्याला चाळीस दिवसही झाले नाहीत, तुझा चाळिसावा अजून व्हायचाय.

आता मी सगळं पहिल्यापासून लिहिते. तुला माहीत आहे ते मला माहीत आहे. पण मला क्रमाने लागतं. तू प्रत्येक गोष्ट मधूनच सुरू करायचीस आणि मग आपण दोघी अर्धा तास ती कोणाबद्दल होती ते शोधत बसायचो.

सासऱ्यांची मिठागरं गेली तेव्हा कळंबोलीत रोडपालीच्या बाजूला रस्त्यालगतचा एक तुकडा उरला. त्यावर मी सीट कव्हरचं दुकान टाकलं. ट्रक, टेम्पो, शाळेच्या व्हॅन. सगळं रेक्झिनचं काम. तू पनवेलला मोहल्ल्यात घरी लग्नाचे कपडे शिवायचीस, तुझे मिस्टर सलीमभाई कुवेतला बस चालवायचे. कुणीतरी सांगितलं म्हणून तू आलीस, मशीनवर बसलीस, रेक्झिनचा तुकडा सुईखाली घातलास आणि म्हणालीस, "या अल्ला, हे तर सुईलाच चावतंय." मी म्हटलं, जमत नसेल तर राहू दे. तू म्हणालीस, "जमत नाही असं कुठे म्हणाले? चावतंय म्हणाले." संध्याकाळपर्यंत दोन ट्रकची कव्हरं शिवून झाली होती. वर्षभरात दुकान आपलं दोघींचं झालं. ते कधी आणि कसं झालं हे आपण बसून ठरवलेलं मला आठवत नाही.

मग शेठ आला. पनवेल ते महाबळेश्वर टुरिस्ट बस काढत होता आणि परदेशातल्या कुठल्याशा ट्रेनमध्ये लोकरीच्या सीटा बघून आला होता. त्याला तेच पाहिजे होतं. मी हसले. पनवेलच्या घामात लोकर? पावसाळ्यात ओल्या घोंगडीसारखा वास येईल, वर कसर लागेल ती वेगळी. पण उत्तरेकडच्या गिरणीचा एक माणूस नमुना घेऊन आला आणि तू तो गालाला लावलास. तिथेच मी हरले.

शेठला मात्र शंका होती. बसमध्ये कुणी बिडी टाकली तर? तू काडी ओढलीस आणि नमुन्याच्या कडेला लावलीस. कड काळी पडली, धूर आला आणि विझली. दुकानभर जळक्या केसांचा वास. शेठने नाक दाबलं.

"वास मारतंय हो हे!"

"लोकर आहे शेठ, केसच तो. जळतो, पण वितळून अंगाला चिकटत नाही. आता तुमच्या शर्टाचा एक धागा द्या, तो पेटवून दाखवते."

शेठने शर्ट छातीशी धरला आणि ऑर्डर दिली.

ताग्यांवर तागे आले. जांभळ्या वांग्याचा रंग. उभी, दाट लव. एका बाजूने हात फिरवला की सुळकन जायचा, उलट फिरवला की अडायचा. असं कापड कापताना आपल्या धंद्यात एक नियम आहे आणि तो मी तुला पहिल्याच दिवशी सांगितला होता. लव पाठीवरून खाली आणि गादीवरून पुढे यायला हवी, पाणी ओतल्यासारखी. मग पाठ आणि गादी एका रंगाची दिसते, झटकलं की धूळ पुढे पडते. कापण्याआधी मागच्या बाजूला खडूने बाण काढायचा म्हणजे चूक होत नाही. तू बाण काढलेस. पाठीचे बरोबर, गादीचे सगळे उलटे.

"नसीम, बाण उलटे काढलेस."

"सुलटे आहेत."

"लव पुढे आली पाहिजे."

"लव पुढे आली तर ब्रेक मारल्यावर माणूसही पुढे येतो. मागे ठेव, धरून ठेवते."

"दोन रंग दिसतील. गादी फिकी, पाठ गडद. दारातून चढणारा आधी रंग बघतो."

"चढणारा घटकाभर बघतो. मग घाट संपेपर्यंत बसतो. तू नुसती बघतेस, कुंदे. आपण शिवलेल्या सीटवर कधी बसलीस तरी का?"

बसले नव्हते. दुकानातल्या सीटवर बसायला मला वेळ कुठे होता?

दोन दिवस आपण एकमेकींशी फक्त दोरा आणि सुईपुरतं बोललो. शेवटी तूच तोडगा काढलास. बसची एक बाजू तुझ्या पद्धतीने आणि एक माझ्या. "मला उजवी," तू लगेच म्हणालीस. मला वाटलं, उजव्या बाजूला ड्रायव्हरच्या पार्टिशनमुळे कापाकापी कमी आहे म्हणून मागतेस. मी मनातल्या मनात तुला आळशी म्हटलं आणि डावी घेतली.

बस तयार झाली. दारात उभं राहून बघितलं तर डावीकडच्या गाद्या जांभळं वांगं आणि उजवीकडच्या त्याच वांग्यावर धुकं पडल्यासारख्या. शेठ चढला आणि तिथेच थांबला.

"हे काय? दोन वेगवेगळे तागे वापरले?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. त्याआधी तू पुढे झालीस, अगदी गंभीर चेहऱ्याने. "शेठ, तुमची बस सकाळी इथून निघून दक्षिणेला जाणार. ऊन कुठून येणार? डावीकडून. उन्हाकडची बाजू गडद ठेवली, सावलीकडची फिकी. म्हणजे बसल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात."

शेठने खिडकीतून बाहेर बघितलं, आकाशात बघितलं आणि मान डोलवली. मी बसच्या मागे जाऊन हसून घेतलं. पुढे त्यानेच हे सगळ्या बसवाल्यांना अभिमानाने सांगितलं आणि वर्षभर आपल्याकडे माणसं येऊन विचारायची, "ती ऊनसावलीवाली सीट करून मिळेल का?" तेव्हा मात्र तू मला पुढे करायचीस. "मॅडम सांगतील."

भांडण संपलं नव्हतं. उरलेल्या कापडावर आपण शर्त लावली. ही बस नवीन सीटांसाठी परत येईल तेव्हा कुठल्या बाजूची लव जास्त टिकली ते बघायचं. जिची टिकली तिने उरलेलं कापड कसं कापायचं ते ठरवायचं. तोवर कात्री लावायची नाही.

"कबूल?"

"कबूल."

"तीनदा म्हण."

म्हटलं. तू टाळी वाजवलीस. "झालं. आता तलाक नाही."

ते कापड माळ्यावर जुन्या चादरीत राहिलं, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि डांबरगोळ्या घालून. कितीजणांनी मागितलं. एका बिल्डरला सोफ्याला हवं होतं. तू म्हणालीस, "त्याचा निकाल लागायचाय," आणि बिल्डरला वाटलं कोर्टात काहीतरी चालू आहे, पुन्हा आला नाही. दर वर्षी पाऊस संपला की आपण ते दुकानामागे दोरीवर उन्हात घालायचो. तू एका टोकाला, मी दुसऱ्या. झटकायचो, कसर लागली का बघायचो, घडी घालायचो. समोर खारघरच्या बाजूला इमारती चढत गेल्या, विमानतळ येणार म्हणून जमिनींवर खुणा झाल्या, आपण दर वर्षी तेच कापड झटकत राहिलो.

अशाच एका दुपारी तू मला कुवेतचं सांगितलंस. मी विचारलं नव्हतं. घडी घालताना कापडावर हात उलटा फिरवलास आणि सुरू झालीस, अर्थातच मधून.

"मान बघत बसले नुसती."

"कोणाची मान?"

"सलीमची. मागून सगळे केस पांढरे झालेले. फोटो पाठवायचा तो पुढून काळे करून."

मग हळूहळू कळलं. तू आयुष्यात एकदाच त्यांच्याकडे गेलीस, थोड्या दिवसांसाठी. त्यांना रजा मिळाली नाही. एक दिवस तू डबा भरलास आणि सकाळच्या पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत त्यांच्या बसमध्ये, त्यांच्या पाठीमागच्या सीटवर बसून राहिलीस. चालवताना ड्रायव्हरला बोलायची बंदी. ते बस चालवत होते, तू बघत होतीस. लोक चढत होते, उतरत होते. "सीट अशीच होती, लोकरीची. ब्रेक मारला की सगळे पुढे. मी जागच्या जागी."

मी काय म्हटलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हटलं, "म्हणून एवढा हट्ट होय? एका दिवसावरून धंद्याचा नियम बदलायचा?"

तू घडी पूर्ण केलीस. "तुला नाही कळायचं," म्हणालीस. रागाने नाही. आणि मग डांबरगोळ्या संपल्यात, आणायला हव्यात, एवढंच बोललीस. आपण त्या विषयावर परत आलो नाही. मला वाटायचं, येऊ कधीतरी. रोज तर समोरासमोर बसतो.

तर, बस आली. तिचा ड्रायव्हर बाळाराम, ओवे गावचा, तोच घेऊन आला. शेठला आता सगळीकडे रेक्झिन पाहिजे. पुसलं की झालं. मी कारागिराला थांबवलं आणि एकटी आत चढले.

डावीकडे माझ्या सीटा. लव बसली होती, पण होती. ब्रश मारला असता तर अजून दोन वर्षं गेल्या असत्या. उजवीकडे तुझ्या. कडेला झिजलेल्या, मधे विरळ, आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर तर लव नावालाही नाही, खालची वीण उघडी पडलेली. शंकेला जागा नव्हती. शर्त मी जिंकले होते.

मी खाली उतरले आणि नळ चालू ठेवला म्हणून शेजारच्या वेल्डरला झापलं. नळ त्याचा नव्हता.

बाळाराम पायरीवर बसून बिडी ओढत होता. "काय झाला वैनी? माल खराब निंगला काय?"

"उजवी बाजू बघ. पार गेली."

"जानारच ना. त्या साईटला लोका पयली बसतात." त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. "घाटान सरकाय नाय होत तिकरं. डावीकरचे बोलतात, पोलादपूरच्या फुरं कोन ढकलतोय असा वाटतंय. म्हातारी मानसा, पोरवाल्या बायका सगल्या उजवीकरं. आनी माज्या मागची सीट तर लोका फोन करून मांगून घेतात. गारी अर्दी रिकामी असली तरी ती भरलेली हाय."

म्हणजे तुझ्या सीटा झिजल्या, कारण लोक त्यांच्यावर बसले. माझ्या टिकल्या, कारण त्या नुसत्या बघायला चांगल्या होत्या.

आता तू असतीस तर काय झालं असतं ते मला पाठ आहे. मी म्हटलं असतं, शर्त टिकण्याची होती, बसण्याची नव्हती. तू म्हटलं असतंस, सीट बसायला असते की नमस्कार करायला? मी म्हटलं असतं, नियम म्हणजे नियम. आणि तू "कुंदे," एवढंच म्हणून माझ्याकडे बघितलं असतंस. त्या दिवशी मी दोन्ही बाजूंनी भांडून बघितलं. तुझ्या बाजूचं मला सगळं बोलता येतं. पण मला कुंदे म्हणणारं आता कुणी नाही. घरात मी वहिनी आहे, दुकानात मॅडम आहे.

तुला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सलीमभाई पोचले. आता परत जाणार नाही म्हणतात. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही, मला त्यांचा राग आहे. जी माणसं शेवटी कायमची येतात त्यांना आधी यायला काय होतं, हा प्रश्न मी त्यांना विचारणार होते. ते तुझी कात्री न्यायला दुकानात आले तेव्हा प्रश्न माझ्या तोंडावर होता. पण ते आत यायच्या आधी बसपाशी थांबले होते, म्हणून मी त्यांना बसमध्ये घेऊन गेले आणि शर्तीची गोष्ट सांगितली. कुवेतची पण.

त्यांनी त्या उघड्या पडलेल्या सीटवर हात ठेवला. उघड्या विणीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "कुंदाताई, त्या दिवशी मी ब्रेक जरा जास्तच मारत होतो."

"का?"

"आरशात दिसायची ना ती. बोलायची तर बंदी. ब्रेक मारला की वर बघायची. आरशात. हसायची." त्यांनी सीटची कड चाचपली. "मुद्दाम मारायचो."

नसीम, तुझं सगळं शास्त्र एका आगाऊ ड्रायव्हरवर उभं होतं. मला हसू आलं आणि त्यांनाही आलं, आणि मग आम्ही दोघं दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत उभे राहिलो. मी विचारायचा तो प्रश्न राहिला. पुढेही विचारेन असं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मला तिथे उभी असताना कळली. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, इकडे उजवीकडे. तू उजवी बाजू कापाकापी कमी म्हणून मागितली नव्हतीस. तुला ड्रायव्हरच्या मागची सीट करायची होती. मी तुला आळशी म्हटलं होतं, ते परत घेते.

माळ्यावरून कापड काढलं. एका कोपऱ्याला कसर लागलीच होती. या वर्षी उन्हात घालायचं राहिलं, दुसरं टोक धरणारी तू दवाखान्यात होतीस. तेवढा कोपरा सोडून बाकी चांगलं होतं. टेबलावर पसरलं, लव खाली केली, खडू घेतला. शर्तीप्रमाणे कापड कसं कापायचं ते मी ठरवायचं होतं. मी जिंकले होते. तेव्हा मीच ठरवलं आणि गादीचा बाण मागे काढला. माझ्या हाताने तसा बाण पहिल्यांदा काढला. दोनदा पुसला. सवय नाही.

तुझ्याच मशीनवर शिवलं. शेठ बस न्यायला आला तेव्हा सगळी बस काळ्या रेक्झिनची आणि ड्रायव्हरच्या मागची एक सीट वांग्याच्या रंगाची.

"ही एकच वेगळी कशी?"

"एकच," मी म्हटलं.

"ऊनसावली?"

"तसंच समजा."

बस सोडायच्या आधी चालवून बघायची आपली पद्धत आहे. बाळाराम चावी फिरवायला निघाला, तर सलीमभाई तिथेच उभे होते, त्या दिवशी न्यायची राहिलेली तुझी कात्री पिशवीत घालून. बाळारामने त्यांच्याकडे बघितलं आणि चावी त्यांच्यापुढे धरली. "चालवताव काय चाचा? आमी हाय बाजूला."

ते चढले. गिअरसाठी आधी उजवा हात दरवाजाकडे गेला, मग हसून डावा खाली नेला. मी एरवी पायरीवर उभी राहून आवाज ऐकते. आज मी आत गेले आणि बसले. ड्रायव्हरच्या मागे, तुझ्या सीटवर.

लोखंड बाजाराच्या मागचा रुंद रस्ता रिकामा होता. समोर सलीमभाईंची मान. आता केस पुढून-मागून सारखेच पांढरे. तू सांगितलं होतंस त्याप्रमाणे दुसरं काही दिसत नाही तिथून, मान आणि वरच्या आरशात अर्धा चेहरा. वळणावर त्यांनी ब्रेक मारला. जरा जास्तच. बाळारामने पुढच्या दांड्याला हात टेकला. मी जागेवरच राहिले. जादू वगैरे काही नव्हती. कापडाने मला थोडंसं धरलं. पण धरलं.

आरशातून त्यांनी विचारलं, "सरकलात, कुंदाताई?"

"नाही."

वळण घेऊन बस दुकानासमोर आली. शेठ हात करत होता. सलीमभाई थांबले नाहीत, पुन्हा त्याच रस्त्याला लागले. मीही त्यांना थांबा म्हटलं नाही.

तुला तो कुवेतचा सबंध दिवस किती लहान वाटला असेल, ते मला त्या दुसऱ्या फेरीत कळलं.